मनगटाला वय विचारावं का?

प्रश्न : सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात खेळाडूंच्या मनगटाचं एमआरआय काढतात, असं ऐकलं. पासपोर्ट आणि जन्मदाखला हातात असताना हाडांना कशाला विचारायचं? आणि हाडं खरं बोलतात का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फुटबॉलचा प्रश्न आणि तो कोल्हापूरहून, यात नवल नाही. २०१७ साली ही स्पर्धा भारतात झाली तेव्हा यजमान संघात तुमच्याच गावचा अनिकेत जाधव होता.

आधी दाखल्याचं बोलू. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं घरोघरी सापडतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी पोराकडे एकदा पाहिलं, अंदाज बांधला आणि तारीख टाकून दिली. त्यात लबाडी नव्हती, जन्माची नोंदच नव्हती. जगातल्या बऱ्याच देशांत अजूनही जन्माची नोंद उशिरा होते किंवा होतच नाही. अशा ठिकाणी दाखला नंतर तयार होतो, आणि तो तयार करणाऱ्याला पोराच्या पायातली जादू दिसत असेल तर साल थोडं पुढे सरकायला वेळ लागत नाही. पंधरा-सोळाच्या मुलांत एकोणीस वर्षांचा गडी उतरवला की त्याला फार कौशल्य लागत नाही. नुसत्या खांद्याच्या धक्क्यावर काम भागतं.

ही स्पर्धा १९८५ साली चीनमध्ये सुरू झाली. तेव्हा ती सोळा वर्षांखालच्यांची होती, १९९१पासून सतराची झाली. पहिला चषक नायजेरियाने नेला आणि त्यांची एकूण विजेतेपदं पाच आहेत, सर्वांत जास्त. पण संशयही त्यांच्या मागे पहिल्यापासूनच लागला. १९८८च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या त्यांच्या तीन खेळाडूंच्या जन्मतारखा आधीच्या स्पर्धांत दिलेल्या तारखांशी जुळेनात. फिफाने नायजेरियाला दोन वर्षं कनिष्ठ गटांच्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं आणि १९९१च्या वीस वर्षांखालील स्पर्धेचं त्यांचं यजमानपद पोर्तुगालकडे गेलं. मेक्सिकोला याहून महाग पडलं. वीस वर्षांखालील पात्रता फेरीत जास्त वयाचे खेळाडू खेळवल्याचं उघड झालं आणि बंदी सगळ्याच संघांवर आली. १९९०च्या मोठ्या विश्वचषकाला त्यांना घरी बसावं लागलं. गुन्हा पोरांच्या संघात झाला, दंड थोरल्यांनी भरला. १९८९मध्ये याच सोळा वर्षांखालच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर सौदी अरेबियाने दोन गोलांची पिछाडी भरून काढून स्कॉटलंडला पेनल्टीवर हरवलं. तेव्हापासून स्कॉटिश माणसं सौदी खेळाडूंच्या वयाबद्दल बोलतायत. सिद्ध मात्र काही झालं नाही.

कागद जुळत नसले तरच चोरी कळते, आणि मुरलेला माणूस ते जुळवूनच ठेवतो. म्हणून फिफाचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जिरी द्व्होराक यांनी मनगटाकडे मोर्चा वळवला. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत येणारं जे हाड, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात, त्याच्या टोकाशी मुलांमध्ये कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड लांबीला वाढतं ते या पट्ट्यामुळे. वाढ संपत आली की पट्टा हळूहळू हाडात विरत जातो आणि टोक मूळ हाडाशी एकजीव होतं. एमआरआयच्या चित्रात हे स्पष्ट दिसतं आणि त्याचे सहा टप्पे केले आहेत. पहिल्यात पट्टा अखंड असतो. तिसऱ्यात निम्म्याहून कमी भाग जुळलेला, चौथ्यात निम्म्याहून जास्त. पाचव्यात पट्ट्याचा पाच मिलिमीटरपेक्षाही लहान अंश उरलेला असतो आणि सहाव्यात काहीच नाही. क्ष-किरणांनीही हे कळतं. आपलं क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी मनगटाचा एक्स-रेच वापरतं. पण निरोगी मुलाला केवळ चौकशीसाठी किरणोत्सार का द्यायचा, हा फिफाचा विचार मला पटतो.

२००७ साली या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना या चार देशांतल्या १४ ते १९ वयाच्या ४९६ खेळाडूंची मनगटं त्यात तपासली होती. सोळा वर्षांच्या मुलांत सहावा टप्पा गाठलेला शंभरात एकही भरला नाही. नियम त्यावरून बसला : हाड पूर्ण जुळलेलं दिसलं की हा मुलगा बहुतेक सतराच्या पुढचा आहे.

माझं म्हणणं या ‘बहुतेक’वर आहे. मनगट वय सांगत नाही. ते फक्त एका बाजूने शंका काढतं. हाड पूर्ण जुळलेलं नसलं म्हणजे पोरगा सोळाचाच, असं मुळीच नाही. अठरा-एकोणीसच्या कित्येकांत पट्ट्याचा अंश शिल्लक असतो आणि असे खेळाडू तपासणीतून बिनबोभाट निघून जातात. उलट बाजूला, लवकर वयात आलेला एखादा प्रामाणिक मुलगा अडकू शकतो. शंभरात एकही नाही हे प्रमाण कागदावर छान दिसतं, पण तो अपवाद माझ्या घरातला असेल तर? त्यात ‘सतरा वर्षांखालील’ हे नावही फसवं आहे. भारतातल्या स्पर्धेसाठी अट होती १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म, आणि सामने झाले ऑक्टोबर २०१७मध्ये. म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा मैदानात उतरताना पावणेअठराचा होता आणि तरीही नियमात होता. या वयात पूर्ण जुळलेली हाडं दुर्मीळ राहत नाहीत.

तरी या तपासणीने धाक बसला, हे मान्य केलं पाहिजे. २००९मध्ये नायजेरियातल्या विश्वचषकापासून ती सुरू झाली आणि स्पर्धेआधीच यजमान संघातले पंधरा खेळाडू वगळावे लागल्याच्या बातम्या आल्या. नवा संघ जमवून नायजेरिया तरीही अंतिम फेरीपर्यंत गेला आणि अबुजात स्वित्झर्लंडकडून १–० असा हरला. गोल हारिस सेफेरोविचचा. स्विस संघाची ही पहिलीच सतरा वर्षांखालील विश्वचषकवारी होती. त्या संघातले ग्रानिट झाका आणि रिकार्डो रॉड्रिगेझ पुढे वर्षानुवर्षं देशाच्या मुख्य संघाचा कणा झाले. पोरांची स्पर्धा असते ती खरं तर यासाठी. चोरून आणलेला एकोणीसचा गडी आज चषक देईल, पण ज्या सोळाच्या पोराची जागा तो खातो, त्याचं काय?

प्रश्न : मग मुलींच्या स्पर्धेतही मनगट तपासतात का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : तुमच्याच गावात, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, २०२२ साली मुलींचा अंतिम सामना झाला होता. स्पेनने कोलंबियाला १–० असं हरवलं. विजयी गोल कोलंबियाच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला. मुलींची हाडं मुलांपेक्षा लवकर जुळतात. त्यामुळे सोळाच्या, अगदी खऱ्या सोळाच्या मुलीचं मनगटही पूर्ण जुळलेलं असू शकतं. मुलांची फूटपट्टी लावली तर बऱ्याच निरपराध मुली घरी जातील. म्हणून मुलींच्या बाबतीत या पद्धतीने वय ठरवू नये, असंच अभ्यासकांचं मत आहे. तिथे अजून कागदांवरच भिस्त आहे.