४ मिलिमीटर म्हणजे किती पॉइंट? लेबल, पुस्तक आणि पोस्ट करणाऱ्यांसाठी अक्षरांच्या मापाचा हिशोब

डीटीपी, लेबल डिझाइन किंवा छपाईचं काम सुरू करायच्या विचारात असाल, तर हा धडा वही-पेन घेऊन वाचा. व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. हातात एक साधी स्टीलची पट्टीही असू द्या, लागणार आहे.

समजा, एका मसाला उद्योगाचं काम तुमच्याकडे आलं. मालक सांगतात, "निव्वळ वजनाचा आकडा ४ मिलिमीटर उंच पाहिजे, नियम आहे." तुम्ही सॉफ्टवेअर उघडता, तर तिथे फॉन्ट साइजच्या चौकटीत मिलिमीटर नाहीतच, पॉइंट आहेत. मग तुम्ही गूगल करता. १ पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलिमीटर. ४ भागिले ०.३५३, उत्तर आलं ११.३. थोडं जास्तच असू दे म्हणून ११.५ पॉइंट टाकता आणि फाइल छपाईला जाते. पाच हजार पाऊच छापून येतात. पट्टी लावून बघता, तर आकडा जेमतेम २.९ मिलिमीटर!

भागाकार बरोबर होता. मग चुकलं कुठे?

पॉइंट अक्षराचा नसतो, खिळ्याचा असतो

शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात जाऊ. प्रत्येक अक्षर एका धातूच्या ठोकळ्यावर उठावात असायचं. ओळीत सगळे खिळे नीट बसायला हवेत, म्हणून ठोकळ्याची उंची सगळ्यांची सारखी. ठोकळ्यावरचं अक्षर मात्र कधी मोठं, कधी लहान, आणि त्याच्या वर-खाली थोडी मोकळी जागा. '१२ पॉइंटचा टाइप' म्हणजे १२ पॉइंटचा ठोकळा. अक्षर नव्हे.

आज शिसं गेलं, पण ठोकळा राहिला. तो आता दिसत नाही एवढंच. कॉम्प्युटरमधला प्रत्येक फॉन्ट अशाच एका अदृश्य चौकटीत काढलेला असतो आणि तुम्ही टाकता तो आकडा त्या चौकटीला लागतो. एरियल फॉन्टचा अंक चौकटीच्या साधारण ७२ टक्के उंच असतो. म्हणून ११.५ पॉइंटला चौकट ४ मिलिमीटरची झाली आणि अंक २.९ चा.

देवनागरीत तर हा फरक आणखी वाढतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. हे सगळं त्याच चौकटीत बसवायचं, म्हणजे मधल्या 'क'च्या वाट्याला उरलेली जागा येते. कुठल्या फॉन्टमध्ये किती, ते त्या फॉन्टच्या डिझायनरवर. त्यामुळे इंग्रजी १२ पॉइंट आणि मराठी १२ पॉइंट शेजारी ठेवले की मराठी बारीक दिसतं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आमचं मराठी लहान का केलं?" दोन मराठी फॉन्टमध्येही हाच प्रकार. म्हणून कोणी विचारलं की "मराठीसाठी किती पॉइंट ठेवू?", तर आधी विचारा, "कोणता फॉन्ट?"

हे ०.३५३ आलं कुठून?

थोडक्यात सांगतो. पूर्वी मापांना आकडे नव्हते, नावं होती. पायका हे त्यातलंच एक नाव. १७३७ मध्ये फ्रान्समधल्या फूर्निएने पॉइंटची पद्धत मांडली, पुढे दिदोने ती सुधारली. अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्यांनी १८८६ मध्ये स्वतःचा पॉइंट ठरवला, तो इंचात साधारण ७२.२७ वेळा बसायचा. पुढे अडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने शेपूट कापलं आणि १ इंच म्हणजे बरोबर ७२ पॉइंट असा हिशोब केला. १९८५ मध्ये ॲपलचा लेझरप्रिंटर आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर आलं, आणि हाच पॉइंट घरोघरी पोचला. आज इनडिझाइन, कोरलड्रॉ, स्क्रायबस, सगळीकडे हाच चालतो.

पाठ करायचं ते इतकंच: ७२ पॉइंट म्हणजे १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. १२ पॉइंट म्हणजे १ पायका. ६ पायका म्हणजे १ इंच. पायका आपल्याकडे आता फारसं कोणी वापरत नाही. पण परदेशी फाइल उघडली आणि पट्टीवर '३पी६' असं काही दिसलं तर घाबरू नका, ते ३ पायका ६ पॉइंट आहे.

१०० पॉइंटची युक्ती

आता मुद्द्याचं काम. जो फॉन्ट वापरणार आहात त्याच फॉन्टमध्ये, जो अंक किंवा अक्षर मोजायचं तेच १०० पॉइंटला टाइप करा. मग त्याचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू, इनडिझाइनमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. हे करायलाच हवं, कारण आउटलाइन केल्याशिवाय तुम्हाला चौकटीची उंची दिसते, अक्षराची नाही. आता वर उंचीच्या रकान्यात मिलिमीटर वाचा.

एरियलचा अंक २५ मिलिमीटरच्या आसपास येईल. म्हणजे १ पॉइंटला पाव मिलिमीटर. मग ४ मिलिमीटरला किती? ४ भागिले ०.२५, म्हणजे १६ पॉइंट. कुठे ११.५ आणि कुठे १६! उत्तर अपूर्णांकात आलं तर नेहमी वरच्या बाजूला न्या. मराठी मजकुरासाठी 'क' घ्या, शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंत. 'की' किंवा 'कु' घेऊन मोजलंत तर माप फुगून येईल.

आपल्या दुकानात नेहमी लागणारे सात-आठ फॉन्ट एका रविवारी बसून असे मोजा आणि तक्ता करून भिंतीला लावा. एकदाच करायचं काम आहे. मी तर म्हणतो, नवा मुलगा कामाला ठेवलात की त्याला पहिल्या दिवशी हेच करायला लावा, आपोआप शिकेल.

लेबलाच्या बाबतीत अजून एक. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये अक्षर-अंकांची किमान उंची मिलिमीटरमध्ये दिली आहे, पॉइंटमध्ये नाही. ती कोणत्या पाकिटाला किती, याचा तक्ता नियमातच असतो आणि त्यात दुरुस्त्या होतात. म्हणून जुन्या लेबलवरून नक्कल करू नका, चालू तक्ता बघा किंवा गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. शिवाय अक्षराची रुंदी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको, असंही तिथे आहे. आता जागा पुरत नाही म्हणून आपण काय करतो? अक्षर दाबून उभट करतो. उंची भरते, रुंदीत अडकतं. पाऊच रोटोग्रॅव्हरवर छापला असेल तर दुरुस्तीला सिलिंडरच नवा करावा लागतो, आणि तो खर्च कोणी द्यायचा यावरून गिऱ्हाईक तुटतं.

प्रूफ काढतानाही सावध राहा. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' टिक असेल तर पान गुपचूप बारीक होतं. तिथे १०० टक्के निवडा, मगच पट्टी लावा.

पुस्तकाचं काम असेल तर

इथे ओळींमधलं अंतर, म्हणजे लेडिंग, जास्त महत्त्वाचं. तेही पॉइंटमध्येच. '१४ वर १८' म्हणजे १४ चा टाइप आणि एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत १८ पॉइंट. इनडिझाइन स्वतःहून १२० टक्के देतं, म्हणजे १४ ला १६.८. मराठीत ते मला अपुरं वाटतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकायला येतो.

यातूनच कोटेशन निघतं. मजकुराची उंची ७ इंच धरा, म्हणजे ५०४ पॉइंट. भागिले १८, पानाला २८ ओळी. १६० पानांच्या ४४८० ओळी झाल्या, १६ पानी फॉर्म्याने १० फॉर्मे. लेखक म्हणाला "एक फॉर्मा वाचवा", तर १४४ पानांत बसवायला पानाला ३२ ओळी हव्यात, म्हणजे लेडिंग १५.७५. १४ च्या टाइपला हे गच्च होईल, टाइपच लहान करावा लागेल. हे त्याला आकड्यांत दाखवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

पोस्ट आणि पिक्सेल

फोटोशॉपमध्ये पॉइंटला रिझोल्यूशन चिकटलेलं असतं. ७२ पीपीआयच्या फाइलमध्ये १२ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल, ३०० च्या फाइलमध्ये तेच १२ पॉइंट म्हणजे ५० पिक्सेल. १०८० बाय १०८० ची पोस्ट दोन्हींत केलीत तर एकीत अक्षर मुंगीएवढं, दुसरीत ठसठशीत. म्हणून स्क्रीनच्या कामात युनिट पिक्सेलच ठेवा. आणि "हीच पोस्ट पॅम्प्लेटला छापा ना" असं कोणी म्हणालं, तर ती ३०० पीपीआयला ३.६ इंचच भरते हे आधी सांगा. ए-फोरवर ताणली तर अक्षरांच्या कडा फुटणार.

आता ऑर्डर फॉर्म. त्यात 'फॉन्ट साइज' असा रकाना असेल तर खोडा आणि तिथे लिहा: 'छापून आल्यावर अक्षराची उंची, मिलिमीटरमध्ये'. शेजारी गिऱ्हाइकाची सही. पॉइंट किती टाकायचे ते तुम्ही भिंतीवरच्या तक्त्यात बघाल.