गुडघेदुखी : तिची कारणे

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, केज या तालुक्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीस कोल्हापूर, सांगली व कर्नाटकाकडे जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. परतल्यावर पुष्कळ घरांत एकच तक्रार ऐकू येते : गुडघे धरले.

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे, पुढे वाटी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही. तिच्यात मज्जातंतूही नसतात. म्हणून झीज सुरू झाली तरी प्रारंभी वेदना होत नाही. घात होतो तो येथेच.

सपाट जागी चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तो तिपटीहून अधिक होतो. आता ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढणाऱ्या मातेचे गणित विद्यार्थ्यांनीच मांडावे. त्यात दिवसभर वाकणे व उकिडवे बसणे आहेच. गुडघेदुखी म्हणजे म्हातारपण, असे म्हणतात. परंतु असे काम करणाऱ्यांस ती म्हातारपणाची वाट पाहत नाही.

स्थूलपणा, जुना मार व आमवात हीही कारणे होत. आमवातात सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहतात. वाढत्या वयाच्या, फार धावणाऱ्या मुलांस वाटीखालच्या उंचवट्यावर दुखते. ते बहुधा वाढ पुरी होताच थांबते. मात्र घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजू लागले, तर पालकांनी एक दिवसही दवडू नये. त्या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. डाग देणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. अंबाजोगाईस सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

विश्रांती घ्या, असे सांगणे सोपे. पण मुकादमाची उचल घेतलेल्यास ती कोठून मिळावी? तरी एक गोष्ट कोपीतही करता येते. मांडीचे स्नायू बळकट असले की सांध्यावरील ताण हलका होतो. उताणे निजून, एक गुडघा वाकवून, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक मोजावे, मग सावकाश खाली ठेवावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. अंक मोजण्याचे काम मुलांकडे द्यावे.