*मेलची प्रिंट कागदात नीट बसवायची कशी?*



आजचा मेसेज फवारणीचा नाही, कागदाचा आहे. पण कागद चुकला तरी नुकसान होतेच.

मागच्या हंगामात दर्यापूरकडचे आपले एक सभासद पीक विम्याच्या मेलची प्रिंट घेऊन कार्यालयात गेले. मेलमध्ये तक्ता होता : गट नंबर, पीक, क्षेत्र, रक्कम. प्रिंटमध्ये उजवीकडचे दोन रकाने कापले गेले होते. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात तं क्षेत्रच दिसून नाही राह्यलं." हे म्हणाले, "मोबाईलमधी तं बराबर दिसत होतं!" कागद परत आला. एसटीचं भाडं गेलं, सोयाबीन सोंगणीचा एक दिवस गेला.

मोबाईलवर मेल बोटाने सरकवून वाचता येतो, कागद सरकत नाही. जे कागदाच्या कडेबाहेर गेलं ते गेलंच. म्हणून खालच्या गोष्टी एकदा शांतपणे करून पाहा.

*१) स्क्रीनशॉट काढून छापू नका*
स्क्रीनशॉट म्हणजे फोटो. त्यात स्क्रीनवर दिसतं तेवढंच येतं, आणि तो मोठा करून छापला की आकडे पुसट होतात. ३ आणि ८ सारखे दिसू लागतात. गट नंबरात असा घोटाळा झाला तर कागद काही कामाचा नाही.

*२) मेलची पीडीएफ करा*
● जीमेल अ‍ॅपमध्ये मेल उघडा.
● पाठवणाऱ्याच्या नावासमोर तीन ठिपके दिसतात, ते दाबा. (स्क्रीनच्या अगदी वरच्या कोपऱ्यातले ठिपके वेगळे आहेत. तिथून त्या विषयावरचे सगळे जुने मेल एकत्र छापले जाऊ शकतात.)
● 'प्रिंट' निवडा. वर 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' ठेवा.
● 'पेपर साईज' पाहा. तिथे 'ए-फोर' पाहिजे. 'लेटर' असेल तर बदला.
● पानं कशी दिसतात ते खाली दिसेल. बरोबर असेल तरच सेव्ह करा.

*३) ए-फोरच का?*
आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात साधा कागद ए-फोर असतो : २१० मिमी रुंद, २९७ मिमी उंच. 'लेटर' हा अमेरिकेतला कागद : २१६ मिमी रुंद, २७९ मिमी उंच. म्हणजे लेटरच्या मापाची फाईल ए-फोरवर आहे तशी छापली तर रुंदीत ६ मिमी कमी पडतात, आणि कडेचा आकडा कापला जाऊ शकतो. दुकानदाराला सांगा, "फिट करून काढा." फाईल कागदाच्या मापात बसवली जाते.

*४) तक्ता रुंद असेल तर पान आडवं करा*
'ओरिएंटेशन'मध्ये 'लँडस्केप' निवडा. खरेदीदाराची ऑर्डर, मालाच्या वजनाचा हिशोब, माती तपासणीचा अहवाल अशा कागदांत रकाने जास्त असतात. उभ्या पानात ते कोंबले की अक्षर बारीक होतं, वाचायला भिंग लागतं.

*५) मेल वेगळा, जोडलेली फाईल वेगळी*
हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मेल छापला म्हणजे त्याला जोडलेली पावती छापली जात नाही. ती वेगळी उघडून वेगळी छापावी लागते.
तक्रारीसाठी दोन्ही ठेवा. जोडलेल्या कागदावर *काय* ठरलं ते असतं. मेलच्या पानावर *कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला* पाठवलं ते असतं. उद्या कोणी म्हणालं की आम्ही कळवलंच नव्हतं, तर तारखेचं पान कामी येतं.

*६) मेल लांब असेल तर शेवटपर्यंत जा*
फार मोठा मेल जीमेल मध्येच कापून दाखवतं आणि खाली पूर्ण मेल पाहण्याची लिंक देतं. ती लिंक उघडल्याशिवाय छापलं तर कागदही अर्धाच येईल.

*७) सातबाऱ्याची तळाची बाजू सांभाळा*
महाभूमीवरून १५ रुपये भरून घेतलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. पण त्यावरचा पडताळणी क्रमांक आणि क्यूआर कोड पूर्ण छापलेला पाहिजे. तो कापला गेला तर समोरच्याने सातबारा तपासायचा कसा?

*८) दुकानात आपला पासवर्ड टाकू नका*
दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपला मेल उघडू नका. केलेली पीडीएफ दुकानदाराला पाठवा, आणि प्रिंट झाली की समोर उभं राहून त्याच्याकडची फाईल काढून टाकायला सांगा. सातबारा, आधार, बँकेचा कागद असेल तर हे नक्की करा.
घरी मुलाकडे कॉम्प्युटर असेल तर मेलमधल्या प्रिंटरच्या छोट्या चित्रावर क्लिक करायला सांगा. कीबोर्डवरून थेट प्रिंट दिली तर आजूबाजूची यादीही छापली जाते आणि मेल अरुंद होतो.

📌 *पैसे देण्याआधी कागद हातात घ्या आणि पाहा :*
✔ चारही कडांना अक्षर पूर्ण आहे का?
✔ नाव, गट नंबर, क्षेत्र, अर्ज क्रमांक वाचता येतो का?
✔ तारीख आली का?
✔ पानं सगळी आहेत का? (१ पैकी १, ३ पैकी ३)
✔ डावीकडे फाईलला भोक पाडायला दोन बोटं जागा आहे का?

यातलं एकही नसेल तर तिथेच दुसरी प्रिंट मागा. दुसऱ्या प्रिंटचे चार-पाच रुपये लागतील, पण अकोल्याची किंवा अमरावतीची एक फेरी वाचेल.

*आजच करून पाहा :* तुमच्या मेलमध्ये विम्याची या हंगामाची पावती शोधा, ए-फोर पीडीएफ करा आणि फाईलच्या नावात वर्ष, पीक व गट नंबर टाका. काम पडेल त्या दिवशी शोधाशोध होणार नाही.

ज्यांना जमलं नाही त्यांनी कंपनीच्या संकलन केंद्रावर माल घेऊन येताना मोबाईल दाखवा, तिथे करून देऊ. घरात मेल मुलगा किंवा सून पाहत असेल तर हा मेसेज त्यांनाही पाठवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सभासद सेवा