पाणंदीतला नकाशा

मुलांनो, वेळापूरहून पंढरपूरला जाणारा पालखीमार्ग कोणालाही सापडतो. पण उसाच्या फडांतून जाणारी पाणंद? पाणंद म्हणजे शेतांमधली अरुंद वाट. तिथे पाटी नसते. अशा वेळी जीपमध्ये टॅबलेट लावून नकाशा पाहतात. (हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे, उर्दूत आपण ‘नक्शा’ म्हणतो.)

टॅबलेटला आपली जागा कशी कळते? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की जागा ठरते. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यावा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसेल! केवळ वाय-फायवर चालणाऱ्या पुष्कळ टॅबलेटांत जीपीएस नसतेच, हेही आधी पाहावे.

खरी अडचण पुढेच आहे. पडद्यावरची रेघ काळ्या मातीचा चिखल दाखवत नाही. नीरा उजव्या कालव्याची चारी भरून वाहत असेल, तर तेही तिला ठाऊक नसते. तुम्ही अजून गाडी चालवत नाही. पण अब्बांच्या शेजारी बसून टॅबलेट पाहण्याचे काम तुमचेच. त्यांची नजर वाटेवर राहू द्या. पुढे पाणी दिसले, तर गाडी थांबवायला सांगा आणि जवळच्या वस्तीवर विचारा, “काका, जीप पलीकडे जाईल का?”