परदेशप्रवास आणि क्रिप्टोची किल्ली

उन्हाळी सुट्टी जवळ आली की नोएडातील आमच्या शाखेत परदेशी निघालेल्या ग्राहकांची वर्दळ वाढते. कोणी फॉरेक्स कार्ड घेतो, तर कोणी दागिने लॉकरमध्ये ठेवून जातो. अशाच एका दुपारी निवृत्त शासकीय अधिकारी असलेले एक महाराष्ट्रीय गृहस्थ लॉकरच्या कामासाठी आले. तीन महिन्यांसाठी ते कन्येकडे मेलबर्नला निघाले होते. पासपोर्टच्या पाकिटातून त्यांनी एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर ओळीने बारा इंग्रजी शब्द लिहिलेले होते. ते म्हणाले, "नातीच्या शिक्षणासाठी थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले आहेत. हा कागद बरोबर न्यावा की इथेच ठेवावा?"

मी म्हटले, "काका, आधी त्या कागदाची घडी घाला. तो मलाही दाखवू नका."

त्यांचा प्रश्न अनेकांच्या मनात असू शकतो, म्हणून हा लेखप्रपंच. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. क्रिप्टो हे भारतात वैध चलन नाही आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ पासून त्यातील धोक्यांविषयी वेळोवेळी सावध केले आहे. ते बाळगण्यास मात्र बंदी नाही. क्रिप्टो व्यवहारांना बँकसेवा देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्दबातल ठरविले. प्रस्तुत लेख गुंतवणुकीची शिफारस करीत नाही. ज्यांच्याजवळ क्रिप्टो आहे, त्यांनी प्रवासात ते कसे सांभाळावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

आपण नेमके काय बाळगतो?

बिटकॉइन मोबाइलमध्ये साठविलेले नसते. कोणाच्या नावे किती नाणी आहेत, याची नोंद जगभरातील संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सामायिक खातेवहीत असते. आपल्याजवळ असते ती केवळ त्या नोंदीची किल्ली. २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेले बारा किंवा चोवीस शब्द म्हणजे हीच किल्ली पुन्हा घडविण्याचा साचा होय. मोबाइल हरवला तरी शब्द असल्यास धन परत मिळते. उलटपक्षी, मोबाइल खिशात सुरक्षित असूनही ते शब्द दुसऱ्याच्या हाती पडले, तर धन गेलेच म्हणून समजावे.

बँकेच्या व्यवहारात चूक घडल्यास तक्रार करता येते, कार्ड तत्काळ बंद करता येते. क्रिप्टोचा व्यवहार एकदा नोंदला गेला की तो फिरविणारा कोणीही अधिकारी नसतो. पश्चिम दिल्लीतील एका व्यावसायिकाने २०१९ मध्ये तक्रार नोंदविली होती की, आपल्या पाकिटातील सुमारे तीस लाख रुपयांचे क्रिप्टो परस्पर वळविले गेले. दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने माग काढला, तेव्हा त्यातील काही भाग हमासच्या सशस्त्र गटाशी संबंधित पाकिटांत पोहोचल्याचे जानेवारी २०२२ मध्ये समोर आले. मालक दिल्लीत राहिला आणि धन सीमापार गेले. माग लागला, परंतु माग लागणे आणि धन परत मिळणे यांत फार मोठे अंतर असते.

यास्तव पहिला नियम असा की, प्रवासात किल्ली बरोबर नेऊ नये.

निघण्यापूर्वी

ते बारा शब्द कागदावर वा धातूच्या पट्टीवर लिहून लॉकरमध्ये ठेवावेत. त्यांचे छायाचित्र काढू नये आणि ते ई-मेल वा व्हॉट्सअॅपवर कोणालाही पाठवू नयेत. दीर्घकाळासाठी राखलेली मुख्य रक्कम वेगळ्या पाकिटात असावी आणि त्या पाकिटाचे यंत्र घरीच राहावे. मोबाइलमध्ये न्यायचेच असेल, तर हरवले तरी घराचा हिशेब कोलमडणार नाही, एवढेच न्यावे.

ज्यांचे क्रिप्टो खरेदी-विक्री मंचावर आहे, त्यांची किल्ली त्या मंचाच्या ताब्यात असते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीस गेले, तेव्हा तेथून रक्कम काढणे तत्काळ थांबविण्यात आले. मंचावरील व्यवहार पुन्हा सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या दिवशी एखादा ग्राहक परदेशात केवळ त्याच रकमेच्या भरवशावर असता, तर त्याची काय अवस्था झाली असती, याची कल्पना करावी. प्रवासखर्चासाठी क्रिप्टोवर विसंबू नये, हा दुसरा नियम.

मंचाच्या खात्यास एसएमएसने येणाऱ्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अॅप जोडावे. परदेशात स्थानिक सिम घातल्यावर भारतीय क्रमांकावरील ओटीपी न मिळण्याची अडचण त्यामुळे टळते. त्याचे आपत्कालीन संकेतांक लॉकरमध्येच ठेवावेत. हे बदल निघण्याच्या आदल्या रात्री करू नयेत. पासवर्ड बदलल्यानंतर अनेक मंच काही काळ रक्कम काढू देत नाहीत.

प्रवासात

विमानतळावर चार्जिंगसाठी स्वतःचा चार्जर भिंतीतील विजेच्या सॉकेटलाच लावावा. सार्वजनिक यूएसबी केंद्रांतून माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही दिलेला आहे. हॉटेलच्या संगणकावरून वा मोफत वाय-फायवरून पाकीट उघडू नये. रक्कम पाठविताना पत्त्याची सर्व अक्षरे ताडून पाहावीत, कारण कॉपी केलेला पत्ता परस्पर बदलणारी दुष्ट सॉफ्टवेअर आहेत. "आपले खाते गोठले आहे, बारा शब्द कळवा" असे सांगणारा प्रत्येक जण भामटा समजावा. ते शब्द विचारण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला वा बँकेला नाही.

आपल्याजवळ क्रिप्टो आहे, याची वाच्यता सहप्रवाशांतही करू नये. क्रिप्टोची किल्ली सांभाळणारी यंत्रे बनविणाऱ्या लेजर या कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये खंडणीसाठी अपहरण झाले होते. शारीरिक धाकापुढे उत्तमोत्तम पासवर्डही निरुपयोगी ठरतो. अशा प्रसंगी किल्ली खरोखरच बरोबर नसणे, हेच संरक्षण होय.

कायदा आणि कर

जेथे जाणार, तेथील कायदा आधी पाहावा. दिल्लीहून जवळच असलेल्या नेपाळमध्ये क्रिप्टोचे व्यवहार बेकायदा आहेत. चीननेही सप्टेंबर २०२१ मध्ये ते बेकायदा घोषित केले. दुसरे असे की, भारतीय रहिवाशाने परदेशात क्रिप्टो देऊन वस्तू घेतली, तरी ते हस्तांतरणच ठरते. त्यावरील नफ्यास १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू आहे. सबब प्रत्येक व्यवहाराची नोंद जपून ठेवावी.

अघटित घडल्यास

उरलेली रक्कम तत्काळ नव्या पाकिटात हलवावी, मंचास कळवावे आणि व्यवहाराचे क्रमांक टिपून घ्यावेत. स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. भारतात १९३० ही सायबर मदतवाहिनी उपलब्ध आहे. मात्र परदेशातून हा क्रमांक लागेलच असे नाही. म्हणून घरातील एका विश्वासू व्यक्तीस तक्रार कशी नोंदवावी, हे आधीच सांगून ठेवावे. मंचाचे नाव आणि खात्यास जोडलेला ई-मेल तिला ठाऊक असावा. बारा शब्द मात्र नकोत.

त्या दिवशी काकांनी कागद पाकिटात बंद करून लॉकरमध्ये ठेवला आणि लॉकरला वारस नोंदविला आहे की नाही, हेही तपासले. वारसाची नोंद नव्हती. आम्ही ती लगेच करून घेतली. हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. स्वतःच्या पाकिटातील क्रिप्टोला वारस नेमण्याची सोय नसते. मालकामागे तो कागद कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसेल, तर नातीच्या शिक्षणाचे धन त्या खातेवहीत डोळ्यांदेखत दिसत राहील. हाती मात्र कधीच येणार नाही.

बैल गेला आणि झोपा केला, अशी आपली स्थिती होऊ नये. बॅग भरण्यापूर्वीची अर्ध्या तासाची तयारी त्यासाठी पुरेशी आहे. आपला प्रवास सुखरूप होवो!