नर्सिंगची फी नंतर, आधी रात्रपाळीचा हिशेब

पदरी लहान मुलं, घरात दुसरं कमावतं माणूस नाही आणि नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय. अशी एकल महिला चौकशीला गेली की तिच्या हातात फीचं पत्रक पडतं आणि सगळा हिशेब त्या एका आकड्याभोवती फिरू लागतो. ते पत्रक जरा बाजूला ठेवा. फीसाठी शिष्यवृत्ती आहे, कर्ज आहे. पण तुम्ही रात्रपाळीला वॉर्डात असताना तीन वर्षांच्या लेकराजवळ कोण झोपणार, याचा खर्च कुठल्याच पत्रकात लिहिलेला नसतो.

हा खर्च टाळताही येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, आणि पदविका हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. मुलाला ताप आला म्हणून चार दिवस वॉर्ड चुकला, तर ते चारही दिवस पुढे भरून द्यावे लागतात. सुट्टीत किंवा शेवटच्या वर्षानंतर ते भरायचे म्हटलं की पुन्हा पाळणाघर, पुन्हा बसभाडं, आणि नोकरी तेवढी लांबते. म्हणून आजी, मावशी, शेजारीण यांच्यापैकी रात्री हमखास येणारं एक माणूस आणि त्याला अडचण आली तर दुसरं, अशी दोन नावं प्रवेशाआधीच पक्की करा. नात्यातलं कुणी नसेल तर पैसे देऊन ठेवलेल्या बाईचा खर्च सरळ महिन्याच्या अंदाजात धरा.

अभ्यासक्रम कोणता, यावर खर्चाची लांबी ठरते. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. तिन्हींना बारावी लागते, बीएस्सीला जीवशास्त्रासह विज्ञान शाखेची. वयाची अट १७ ते ३५. एएनएम फक्त महिलांसाठी आहे, त्यामुळे एकट्याने मुलं सांभाळणाऱ्या वडिलांना जीएनएम किंवा बीएस्सीचाच रस्ता आहे. गल्लीबोळांत ‘सहा महिन्यांत नर्स’ अशा पाट्या दिसतात. तिथल्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. तिथे भरलेले पैसे बुडालेच म्हणून समजा.

आता फी. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. सीईटी देऊन बीएस्सीला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली. अनुसूचित जातीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. एएनएम-जीएनएमला जाणार असाल तर संस्थेला नेमकं विचारा: महाडीबीटीवर तुमच्या अभ्यासक्रमाला कोणती योजना लागू आहे, आणि मागच्या वर्षी किती मुलींना ती प्रत्यक्ष मिळाली? उत्तर लेखी घ्या. माफी मिळाली तरी गणवेश, बूट, जर्नल, प्रात्यक्षिकाचं सामान आणि दूरच्या रुग्णालयात जाण्याचं भाडं तुमच्याकडेच राहतं.

एकल महिलांचं घोडं बहुतेक वेळा कागदावर अडतं. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार आणि बँकखातं सासरच्या नावाचं. अर्ज परत येतो तो याच कारणाने. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच हाताशी ठेवा. पतीचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढाल तेव्हा चार जास्त काढा, प्रत्येक टेबलावर ती मागतात.

घरखर्चाचा एक हिशेब उदाहरणादाखल मांडते. तालुक्याच्या गावात दोन मुलांसह भाडं, किराणा, शाळा धरून महिन्याला १२ हजार लागतात असं समजू. एकल पालकांच्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिच्यात दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोघांचे ४,५००. लाडकी बहीण योजनेचे १,५०० आधीपासून सुरू असतील तर एकूण ६ हजार. उरली तूट ६ हजारांची, म्हणजे जीएनएमच्या ३६ महिन्यांत २ लाख १६ हजार. यात रात्रीच्या बाईचा खर्च धरलेला नाही. अनुदान महिन्याच्या महिन्याला येईलच असंही नाही, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च हाताशी हवाच. बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, गृहभेट होते आणि मग बालकल्याण समितीचा आदेश निघतो. याला वेळ लागतो. प्रवेशाची वाट न बघता आजच अर्ज द्या.

ही तूट शैक्षणिक कर्जातून भरता येत नाही. बँक फी, पुस्तकं, गणवेश, वसतिगृह यांना पैसे देते, मुलांच्या दुधाला आणि घरभाड्याला देत नाही. म्हणूनच मी आग्रहाने सांगते की साठवलेले पैसे, मोडलेलं सोनं, विम्याची रक्कम फीत घालू नका. फीचा भार शिष्यवृत्तीवर आणि कर्जावर टाका, रोकड घरासाठी राखा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत पदरचा वाटा भरावा लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. सहकर्जदार मात्र लागतो, त्यासाठी आई-वडिलांशी आधीच बोलून ठेवा. २ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ३,३०० रुपये बसतो. शिक्षण चालू असतानाचं व्याज भरलं नाही तर ते मुद्दलात मिळून हप्ता वाढतो.

वसतिगृहाची चौकशी शेवटी ठेवू नका. काही संस्था तिथे राहणं सक्तीचं करतात, आणि तिथे मुलं नेता येत नाहीत. घरून ये-जा चालेल का, रात्रपाळी कोणत्या वर्षापासून आणि सलग किती दिवस, हे प्राचार्यांना भेटून विचारा आणि होकार लेखी मागा. तो मिळाला नाही तर दुसरी संस्था बघा. केंद्राच्या ‘सखी निवास’ योजनेतल्या वसतिगृहांत नोकरदार आयांना मुलांसह राहता येतं आणि काही जागा प्रशिक्षण घेणाऱ्या महिलांना देता येतात. जिल्ह्यात असं वसतिगृह आहे का, हे महिला व बालविकास कार्यालयात कळेल.

धाकटं मूल अगदी तान्हं असेल, रात्रीला माणूस मिळत नसेल आणि तीन वर्षांची तूट पेलवणार नसेल, तर मी आधी एएनएम सुचवेन. दोन वर्षांत नोंदणी होते, कमाई सुरू होते. नोंदणीकृत एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो, आणि तिला ३५ वर्षांची कमाल वयोमर्यादा लागू नाही. तोवर धाकटं शाळेत जायला लागलेलं असेल.