उत्तरांचा ताळा : परीक्षेनंतरचा महत्त्वाचा पाठ

बारावीची रसायनशास्त्राची प्रश्नपत्रिका अवघड निघाली की परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर एक ठरावीक दृश्य दिसते. प्रश्नपत्रिकांच्या घड्या उलगडल्या जातात, ‘तुझे उत्तर किती आले?’ अशी विचारणा सुरू होते आणि ज्याचे उत्तर इतरांशी जुळत नाही त्याचा चेहरा उतरतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेत या विषयाच्या लेखी परीक्षेला ७० आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. वैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्र अभ्यासक्रमांच्या पात्रतेसाठी हा विषय आवश्यक असल्याने विद्यार्थ्यांची अस्वस्थता स्वाभाविक होय. तथापि उत्तरांचा हा ताळा केवळ आकडे जुळविण्यापुरता राहिला, तर त्यातून मनस्तापाखेरीज काही निष्पन्न होत नाही. उत्तरामागील कारणे तपासली गेली, तर मात्र त्यातून वर्गात न उमगलेली गोष्टही उमगते. हा फरक पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

आकडा वेगळा, तरी उत्तर बरोबर

प्रथम कोटीच्या एखाद्या अभिक्रियेचा अर्धायुकाल ३० मिनिटे असेल, तर ९० टक्के अभिक्रिया पूर्ण होण्यास किती वेळ लागेल? ०.६९३ ला ३० ने भागले असता दर स्थिरांक ०.०२३१ प्रति मिनिट येतो, आणि २.३०३ ला त्याने भागले असता ९९.७ मिनिटे हे उत्तर मिळते. दुसऱ्या विद्यार्थ्याने दर स्थिरांक ०.०२३ असा घेतला, तर त्याचे उत्तर १००.१ मिनिटे येईल. येथे फरक आहे तो आकडा कोठे संक्षिप्त केला याचा. रीत दोघांचीही एकच आहे. केवळ शेवटचा आकडा ऐकून घरी गेलेला विद्यार्थी मात्र आपले उत्तर चुकले असे विनाकारण समजून चालतो.

बहुमताने उत्तर ठरत नाही

एका लिटरमध्ये एका मोलचा दहा कोटीवा भाग इतकेच हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाचा सामू किती, हा प्रश्न अनेकांना चकवितो. सूत्रात संहती घातली की ८ हा आकडा सहज मिळतो आणि दहापैकी नऊ जणांचे उत्तर तेच निघू शकते. परंतु २५ अंश सेल्सिअस तापमानाला उदासीन पाण्याचा सामू ७ असतो. त्यात आम्ल मिसळल्यावर द्रावण आम्लारीधर्मी कसे होईल, हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. शुद्ध पाण्यातच प्रति लिटर एका मोलच्या कोटीव्या भागाइतके हायड्रोजन आयन असतात. ते आम्लातून आलेल्या आयनांच्या दहापट आहेत. म्हणून त्यांना वगळून चालत नाही. पाण्याच्या आयनीभवनाचा समतोल लक्षात घेऊन गणित केले असता सामू सुमारे ६.९८ येतो. अशा वेळी एकटा पडलेला विद्यार्थीच बरोबर असतो. संख्याबळावर उत्तर मान्य करण्याची सवय विज्ञानाच्या वृत्तीला बाधक आहे.

उत्तर बरोबर, कारण चुकीचे

पाण्याचा उत्कलनांक १०० अंश सेल्सिअस, तर हायड्रोजन सल्फाइडचा सुमारे उणे ६० अंश आहे. पाण्याचा उत्कलनांक अधिक, हे उत्तर सर्वांचे जुळते आणि चर्चा तेथेच थांबते. मात्र कारण विचारले असता, ‘पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा बंध मजबूत असल्यामुळे’ असे काही जण सांगतात. वस्तुतः पाणी उकळताना रेणू फुटत नाही. वाफेतही ते पाण्याचेच रेणू असतात. रेणूरेणूंमधील हायड्रोजन बंध सुटण्यासाठी अधिक उष्णता लागते, हे खरे कारण होय. जुळलेल्या उत्तराखाली दडलेली अशी चूक पुढील इयत्तांतही सोबत राहते.

शिक्षकांचे कार्य

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात अशाच विचारविनिमयाला अध्यापनाच्या पद्धतीचे रूप दिले. प्रथम प्रत्येकाने स्वतंत्रपणे उत्तर द्यावयाचे, नंतर शेजाऱ्याला आपले कारण पटवून द्यावयाचे आणि त्यानंतर पुन्हा उत्तर द्यावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीला खर्चिक साधने लागत नाहीत. सराव परीक्षेनंतरचा एक तास राखून ठेवला, तर कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात ती अवलंबिता येईल.

अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीत विज्ञान शाखेची इंग्रजी पाठ्यपुस्तके हाती घेतात. पाठ केलेले वाक्य त्यांना लिहिता येते. परंतु त्याचा अर्थ समजला आहे किंवा नाही, हे स्वतःच्या भाषेत कारण सांगताना लगेच कळते. म्हणून ही चर्चा मराठीत होऊ देणे हितावह आहे.

मुख्य परीक्षेच्या काळात मात्र दोन प्रश्नपत्रिकांच्या मधल्या दिवसांत हा ताळा टाळावा. लिहून दिलेले उत्तर बदलता येत नाही आणि पुढच्या विषयाच्या अभ्यासावर त्याचा परिणाम होतो. सर्व विषय संपल्यावर शिक्षकांच्या उपस्थितीत चर्चा घडवून आणावी. दीर्घ उत्तरांत सूत्र, मांडणी व एकक यांनाही महत्त्व असते. केवळ शेवटचा आकडा चुकला म्हणजे संपूर्ण प्रश्न गेला असे नव्हे, हेही विद्यार्थ्यांस समजावून द्यावे. निकालानंतर शंका राहिल्यास ठरलेल्या मुदतीत गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठी मंडळाकडे अर्ज करता येतो.

गावाची जबाबदारी

कनिष्ठ महाविद्यालय दूर असलेल्या गावांत परीक्षेहून परतलेल्या विद्यार्थ्याला शंका विचारण्यास जवळ कोणी नसते. मित्राच्या दूरध्वनीवरून कळलेले उत्तर हेच त्याच्यापुरते अंतिम ठरते आणि ‘विज्ञान आपल्याला जमणार नाही’ असा समज त्यातून दृढ होतो. पंचायत सदस्यांनी परीक्षा संपल्यावर शाळेची एक खोली किंवा वाचनालय सायंकाळी उपलब्ध करून दिले आणि विज्ञानाचा एखादा पदवीधर वा निवृत्त शिक्षक तेथे बोलाविला, तर हे अंतर पुष्कळसे कमी होईल. एखादा विद्यार्थी फारच खचलेला दिसल्यास केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकाची माहिती त्याच्या पालकांना द्यावी.

अवघड प्रश्नपत्रिका गुण कमी करू शकते, परंतु जिज्ञासा कमी होणे टाळता येते. ‘उत्तर किती आले?’ या प्रश्नापाठोपाठ ‘ते तसे का आले?’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली, तर परीक्षेनंतरची ही पडताळणी शिक्षणाचाच एक भाग ठरेल.